गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकवरचे ओरखडे: घासायला घेण्याआधी

पेणहून खारघरला गणपती आणत होतो. मूर्ती मागच्या सीटवर आईच्या मांडीवर, मखराचं सामान पायाशी आणि चौरंग डिकीत. पळस्पे फाट्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आपटली, चौरंग सरकला आणि त्याच्या पायाने डिकीच्या बाजूच्या काळ्या प्लॅस्टिकवर वीतभर लांब पांढरा ओरखडा काढला. मूर्तीला धक्का लागला नाही या आनंदात विसर्जनापर्यंत कुणी तिकडे पाहिलंही नाही. नंतर सोसायटीतल्या एका जाणत्या काकांनी सल्ला दिला, "रबिंग पॉलिश मार, दोन मिनिटांत जाईल." मारलं. पांढरी रेघ फिकी झाली खरी, पण तिच्याभोवती तळहाताएवढा चकाकणारा डाग पडला. तो आजही तिथे आहे.

त्या डागाने शिकवलेलं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बाहेरच्या रंगावरचा ओरखडा घासून काढता येतो. तिथे रंगावर पारदर्शक कोट असतो, गुळगुळीत आणि एकसारखा; पॉलिश त्याचा अगदी पातळ थर खरवडून पृष्ठभाग सपाट करतं. आतलं प्लॅस्टिक मुळात सपाट नसतं. डॅशबोर्ड, डोअर पॅड, डिकीच्या बाजू यांवर चामड्यासारखी बारीक दाणेदार नक्षी असते, आणि ती साच्यातूनच आलेली असते. घासलं की आधी त्या दाण्यांचे माथे झिजतात आणि तेवढा भाग चमकायला लागतो. एकदा गेलेला दाणा कोणतंही पॉलिश परत आणत नाही. म्हणून आतल्या प्लॅस्टिकसाठी नियम उलटा: आधी ओळखायचं, मग सर्वांत सौम्य उपाय करायचा, आणि फरक पडला की तिथेच थांबायचं.

ओरखडा आहे की नुसता डाग?

माझ्या अंदाजाने ज्यांना आपण ओरखडे म्हणतो त्यातले निम्मे ओरखडे नसतातच. मागच्या दाराच्या खालच्या भागावर मुलांच्या शाळेच्या बुटांचे काळे फराटे, सीटच्या पाठीवर दप्तराची रेघ, हँडब्रेकजवळ छत्रीच्या टोकाची खूण. यात प्लॅस्टिक कापलेलं नसतं, बुटाचं रबर किंवा बॅगेचा रंग त्यावर चढलेला असतो.

ओळखायला मोबाइलचा टॉर्च पुरे. समोरून नाही, बाजूने, पृष्ठभागाला जवळपास समांतर धरा. खाच असेल तर तिची सावली पडते, चढलेल्या थराची पडत नाही. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर प्लॅस्टिक कापलं गेलं आहे. नुसतं घसरलं तर बहुधा वरवरचं आहे.

त्यानंतर ओरखड्याच्या तळाचा रंग बघा, ही खूण फार कामाची आहे. साधं प्लॅस्टिक आरपार एकाच रंगाचं असतं, काळ्याचा तळही काळाच किंवा पांढुरका दिसतो. तळाशी वेगळाच रंग दिसला, म्हणजे वरून करडं आणि आत पिवळट किंवा काळं, तर ते प्लॅस्टिक वरून रंगवलेलं आहे. तिथे पुढे सांगितलेली गरम हवेची युक्ती निरुपयोगी, उलट रंगाला फोड येतील.

हाताने दाबून बघितलं की आणखी थोडं कळतं. टणक आणि किंचित मेणचट लागणारं बहुधा पॉलिप्रॉपिलीन. डोअर पॅडचा खालचा भाग, डिकी, पायाजवळचे पॅनल जवळपास नेहमी त्याचेच. दाबल्यावर आत जाणारा, खाली फोम असलेला हात टेकायचा भाग म्हणजे विनाइलचं कातडं. टणक पण स्पर्शाला रबरासारखं मऊ वाटणारं म्हणजे कडक प्लॅस्टिकवर मारलेला सॉफ्ट-टच कोट. आणि गिअर लिव्हरभोवती, एसीच्या बटणांभोवती आरशासारखं चमकणारं ते पियानो ब्लॅक, ज्याच्या कल्पनेचं श्रेय कुणी घेऊ नये. एखादा भाग सुटा निघत असेल तर पाठीमागे बघा. पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन), एबीएस (दुसरं एक कडक प्लॅस्टिक) अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडतात, मग अंदाज बांधायची गरज नाही.

धुणं

सगळ्यांची सुरुवात इथूनच. आधी व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. धूळ असताना फडका फिरवणं म्हणजे वॉटर पेपर, घासायचा तो खरखरीत कागद, फिरवणंच, आणि घोडबंदर रोडवर महिनाभर फिरलेल्या गाडीत धुळीची कमतरता नसते. मग मगभर कोमट पाण्यात कार शॅम्पूचे किंवा भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. त्यात मायक्रोफायबर फडका बुडवून घट्ट पिळा आणि हलक्या हाताने पुसा. दाण्यांत अडकलेल्या मळासाठी जुना मऊ टूथब्रश गोल गोल फिरवा. साध्या ओल्या फडक्याने साबण काढून कोरडं करा. पॉवर विंडोची बटणं आणि स्पीकरच्या जाळीवर पाणी जाऊ देऊ नका.

पांढरी रेघ पुसताना ओली असताना गायब होऊन वाळल्यावर परत दिसते. फसू नका. बाजारातली बरीच "स्क्रॅच रिमूव्हर" लोशनं नेमकी हीच गंमत करतात: खाचेत तेलकट पदार्थ भरतो, प्रकाश कमी विखुरतो, दोन दिवस बरं दिसतं. खोबरेल तेल आणि पेट्रोलियम जेलीचंही तेच. वर ते चिकट राहतं आणि धूळ धरतं, आणि पेट्रोलियम जेली दाराच्या रबरी बीडिंगला लागली तर ते रबर फुगतं.

बुटांचे फराटे धुऊन गेले नाहीत तर शाळेतला साधा पांढरा खोडरबर घ्या. एकाच दिशेने, हलक्या हाताने. हसू नका, यासाठी मी आजवर वापरलेलं हे सर्वांत चांगलं हत्यार आहे. तरीही राहिलं तर फडक्याच्या कोपऱ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, केमिस्टकडे मिळतं ते सत्तर टक्क्यांचं, घेऊन टिपा. थेट प्लॅस्टिकवर ओतू नका आणि विनाइल, सॉफ्ट-टच, पियानो ब्लॅकवर लावू नका. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांची बाटली गाडीत आणूच नका. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन एबीएस प्लॅस्टिक चक्क विरघळवतं. भिंती पुसायचा तो पांढरा जादुई स्पंज मऊ वाटतो, पण तो अतिशय बारीक वॉटर पेपरच आहे. माझ्या चकाकत्या डागाचा तो सख्खा भाऊ.

पांढऱ्या रेघा आणि गरम हवा

आता मुख्य मामला. काळ्या किंवा गडद करड्या पॉलिप्रॉपिलीनवर बॅग किंवा खोक्याचा कोपरा घासला की पांढरी रेघ का उमटते? या प्लॅस्टिकमध्ये ताठपणासाठी टाल्कची पूड मिसळलेली असते, आपल्या टाल्कम पावडरमधलंच खनिज. घासताना प्लॅस्टिक ताणलं जातं, टाल्कचे कण आजूबाजूपासून सुटतात, सूक्ष्म पोकळ्या होतात आणि त्या प्रकाश विखुरतात. म्हणून पांढरं. रंग उडालेला नसतो, तो आत तसाच असतो. प्लॅस्टिक पुरेसं गरम केलं की ताण सैल होतो, पोकळ्या मिटतात, कडा थोड्या विरघळून खाली बसतात आणि मूळ रंग परत येतो.

पण हे करताना हात सांभाळावा लागतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं. हीट गन म्हणजे ड्रायरसारखंच, पण कितीतरी जास्त गरम हवा फेकणारं यंत्र; त्याच्या खालच्या सेटिंगलाही तोंडाशी बऱ्याचदा ३०० अंशांच्या वर हवा निघते. म्हणजे सगळा खेळ अंतराचा आणि हाताच्या हालचालीचा. मी हे असं करतो:

१. गाडी सावलीत, स्टिल्ट पार्किंगमध्ये, चारही दारं उघडी. वाशीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये दुपारी तापलेल्या गाडीत हे करू नये. डॅशबोर्ड आधीच चटका बसेल इतका गरम असतो, मग आपण किती उष्णता दिली याचा अंदाज येत नाही.

२. जागा धुऊन पूर्ण कोरडी. आधी अल्कोहोल वापरलं असेल तर किमान अर्धा तास जाऊ द्या आणि बाटली, फडका गाडीबाहेर ठेवा. अल्कोहोलची वाफ आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते. बंद गाडी, वाफ आणि हीट गन हे त्रिकूट जमू द्यायचं नाही.

३. आजूबाजूची काच, सीट बेल्ट, रबरी बीडिंग, सीटचं कापड ओल्या जाड फडक्याने झाका. एसीने गार झालेल्या काचेवर गरम हवा गेली तर तडा जाऊ शकतो.

४. आधी न दिसणाऱ्या जागी चाचणी घ्या: ग्लोव्ह बॉक्सची खालची बाजू, डिकीत स्पेअर व्हीलजवळचा कोपरा.

५. सुरुवात घरच्या हेअर ड्रायरने. फिकट रेघा त्याने जातात किंवा निदान कमी होतात. ड्रायर जवळ, चार-पाच सेंटिमीटरवर, मिनिटभर फिरवत ठेवा.

६. त्याने भागलं नाही तरच हीट गन. खालची सेटिंग, अंतर वीतभर, हात सतत पुढे-मागे. इस्त्री फिरवतो तसा. तीन-चार सेकंद फिरवा, बाजूला घ्या, बघा. पुन्हा तीन-चार सेकंद. गरज वाटली तर वीतभराचं अंतर दोन बोटांनी कमी करा, त्याहून जास्त नको.

७. पांढरेपणा उतरताना डोळ्यांना दिसतो, रेघ आतून गडद होत जाते. त्या क्षणी थांबा. "अजून थोडं" म्हटलं की दाणे वितळून सपाट होतात आणि परत तोच चकाकता डाग. पृष्ठभाग ओला असल्यासारखा चमकायला लागणं ही मर्यादा ओलांडायच्या आधीची शेवटची सूचना.

८. दहा मिनिटं हात लावू नका. गरम प्लॅस्टिकवर बोटाचा ठसा उमटतो, आणि तो मग कायमचा.

रेघेच्या कडा वर उचलल्या गेल्या असतील, बोटाला टोचत असतील, तर गरम करण्याआधी त्या छाटून घ्या. नवं धारदार ब्लेड पृष्ठभागाशी जवळपास आडवं धरून फक्त वर आलेला धागा कापायचा, खाली खणायचं नाही. बारीक असेल तर नेलकटरही चालतो. बऱ्याच "खोल" दिसणाऱ्या ओरखड्यांत डोळ्याला खुपते ती ही उचललेली कडा. खाच स्वतः फारशी खोल नसते.

जिथे हात लावायचा नाही

गाडीतल्या काही प्लॅस्टिकच्या मागे एअरबॅग असते: स्टीअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डवर प्रवाशासमोरचा भाग, काही गाड्यांत सीटची बाहेरची बाजू आणि खांबांवरची ट्रिम. तिथे "एअरबॅग" किंवा "एसआरएस" ही अक्षरं उमटवलेली असतात. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची २०२१ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली, म्हणजे अलीकडच्या प्रत्येक गाडीत निदान या दोन जागा आहेतच. ते आवरण एअरबॅग फुगताना ठरलेल्या रेषेवर फाटावं असं बनवलेलं असतं. तिथे फिलर भरणं, रंग मारणं, गरम करणं, ट्रिम उचकटणं, काहीही नको. धुणं आणि पुसणं, बस्स. ओरखडा राहिला तर राहू दे.

खोल खाच

नख अडकतं आणि तळ खोल आहे, तर घरच्या कामाची हद्द जवळ आली. पॉलिप्रॉपिलीनवर सहजासहजी काही चिकटत नाही. झटपट चिकटणारा गोंद खाचेत भरायचा मोह होतो. तो नंतर टचकन सुटतो, शिवाय वाळताना त्याची वाफ आजूबाजूला पांढरी पूड बसवते. एका रेघेच्या जागी पांढरा ढग.

रीतसर काम म्हणजे: खाच हलक्या हाताने ४०० नंबरच्या वॉटर पेपरने खरवडायची, प्लॅस्टिकसाठीचं अ‍ॅडहेशन प्रमोटर (वरचा थर घट्ट धरून ठेवणारा स्प्रे) मारायचं, लवचीक फिलर भरायचा, ६०० ने समतल करायचं, मग दाण्यांसाठी टेक्श्चर स्प्रे आणि शेवटी प्लॅस्टिकचा रंग. सगळं नीट केलं तरी दाण्यांची नक्षी जुळणं कठीण. निष्णात कारागीर आधी शाबूत भागाचा सिलिकॉनचा ठसा घेतात आणि गरम फिलरवर तो दाबून नक्षी उमटवतात. घरगुती किटमध्येही असे ठसे मिळतात, पण ते कोणत्याच गाडीच्या नक्षीशी नीट जुळत नाहीत. मी दोनदा करून पाहिलं. एकदा डिकीत, जिथे कुणी बघत नाही, तिथे ठीक आलं. दुसऱ्यांदा ड्रायव्हरच्या दारावर, आणि तो पॅनल शेवटी बदलला.

जून ते सप्टेंबर हे स्प्रेचं काम काढूच नका. पावसाळी हवेत वाळणाऱ्या रंगावर पांढुरकी झाक चढते, आणि खाडीकाठी राहणाऱ्यांना तर ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं.

बदलायचाच असेल तर दोन वाटा. सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर सांगून नेमका भाग आणि नेमकी छटा मागवणं. बेज आणि करड्याच्या छटा वर्षागणिक बदलतात, म्हणून चासी नंबर द्यायलाच हवा. दुसरी वाट कुर्ल्याची. सीएसटी रोडच्या दुकानांत जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, पण आपला तुकडा काढून सोबत न्या. फोटोवरून छटा जुळत नाही. काढताना लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालू नका, तो बाजूला नवा ओरखडा पाडतो. प्लॅस्टिकची पट्टी मिळते, ती वापरा. क्लिपा तुटणारच आहेत असं धरून चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा.

विनाइल, सॉफ्ट-टच आणि पियानो ब्लॅक

हात टेकायच्या जागी विनाइल फाटलं असेल तर माझं स्पष्ट मत: सीट कव्हर शिवणाऱ्याकडे जा. ठाण्यात-नवी मुंबईत अशी दुकानं भरपूर आहेत. तो आर्मरेस्ट काढून त्यावर नवं रेक्झिन चढवून देतो, आणि ते कोणत्याही घरगुती पॅचपेक्षा जास्त टिकतं. छोटी चीर असेल तर आतून कापडाचा तुकडा सरकवून लवचीक विनाइल गोंदाने बसवा. तेवढ्याने चीर पुढे वाढायची थांबते.

सॉफ्ट-टच कोट ही आपल्या हवामानाची खास डोकेदुखी. तो पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट हवेत काही प्रकारच्या पॉलियुरेथेनचं हळूहळू विघटन होतं. सात-आठ वर्षांच्या गाडीत दाराचं हँडल, खिडकीच्या बटणांची पट्टी चिकट होते, नखाने सोलली जाते. या ओरखड्यांची दुरुस्ती नाही, कोट पूर्ण काढणं एवढाच उपाय. इथे मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल कामाचं: फडक्यावर घेऊन चिकट थर मऊ करून पुसत जा. भरपूर जुने फडके लागतात आणि अख्खी दुपार जाते. खाली कडक काळं प्लॅस्टिक निघतं, दिसायला साधं पण कोरडं. बटणांवरची चिन्हं छापील असतील तर तीही पुसली जातील, म्हणून ती जागा सोडून काम करा.

पियानो ब्लॅक हा या सगळ्यातला एकमेव अपवाद, जिथे पॉलिश चालतं, कारण तिथे दाणे नसतात. प्लॅस्टिकसाठीचं बारीक पॉलिश, फोमचा छोटा पॅड, हलका दाब, मग स्वच्छ मायक्रोफायबर. पण कोरडी धूळ बोटाने पुसलीत की पुन्हा बारीक ओरखड्यांचं जाळं उमटलंच. पॉलिश झाल्या झाल्या त्यावर टीपीयूची, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकची, पारदर्शक फिल्म कापून लावा.

पुन्हा होऊ नये म्हणून

मागच्या दारांचा खालचा भाग आणि पुढच्या सीटच्या पाठी, जिथे मुलांचे पाय लागतात, तिथे फिल्म किंवा किक मॅट लावली तर निम्मं काम संपलं. डिकीत रबरी ट्रे असतोच, पण तो फक्त तळ झाकतो. बाजू उघड्याच राहतात. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधून आंब्याच्या पेट्या आणताना बाजूंना जुनी सतरंजी उभी लावा. ऊन टाळायला काचेवर सनशेड. सततच्या उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि ठिसूळ प्लॅस्टिकवर ओरखडा लवकर पडतो.

ड्रेसिंग, म्हणजे प्लॅस्टिक नवं दिसावं म्हणून वरून लावायचं लोशन, लावायचंच असेल तर पाण्यावर आधारित, मॅट फिनिशचं घ्या. गॅरेजवाला गाडी धुऊन देताना जे चकचकीत सिलिकॉन फवारतो त्याला नको म्हणा. डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडतं, आणि पुढे कधी त्या भागावर रंग मारायची वेळ आली तर सिलिकॉनमुळे रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. स्टीअरिंग आणि पेडलवर तर कोणतंच ड्रेसिंग नको.

पेणला आता आम्ही चौरंगाच्या चारही पायांना जुने लोकरी मोजे घालून जातो. आईला ते बिलकूल पसंत नाही, म्हणून घरी पोचल्यावर चौरंग आत न्यायच्या आधी ते काढून ठेवावे लागतात.